हस्तलिखिताला जामीन कोण?
(पेडगाव, जि. परभणी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय ऐकायला शहरी वाटेल. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशा लेखकानं प्रकाशकाकडे किंवा साहित्य-एजंटाकडे जाण्याआधी इंटरनेटवर नाव कमावलेलं असावं का, हा तो विषय. पण मोबाइल हातात आल्यापासून हा प्रश्न खेड्यातही शिरला आहे. कवितांची वही किंवा कादंबरीचा पहिला खर्डा तयार असलेल्या मुलाला किंवा मुलीला हमखास सल्ला मिळतो की आधी फेसबुक-इन्स्टाग्रामवर माणसं जोडा, रोज काहीतरी टाकत राहा, फॉलोअर्स वाढले की प्रकाशक शोधत येतील. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही हा सल्ला तपासून घ्यायला हवा, कारण लिहिण्याच्या उमेदीची वर्षं त्यात खर्ची पडतात. माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगतो. नव्या हस्तलिखिताला जामीन राहणारा एक जाणता वाचक लागतो आणि फॉलोअर्सचा आकडा असा जामीन राहू शकत नाही. इंटरनेटमुळे लेखक सापडायला मदत होते, पण त्याचं लेखन कसं आहे हे मात्र कुणीतरी वाचूनच ठरवावं लागतं.

हा सल्ला मुळात जिथून आला ती व्यवस्था आधी पाहू. इंग्रजी प्रकाशनविश्वात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी हा व्यवसाय रूढ केला. एजंट हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशकाकडे नेतो, करार ठरवतो आणि लेखकाच्या उत्पन्नातून साधारण १५ टक्के दलाली घेतो. दिल्ली, मुंबई, जयपूर इथेही आता असे एजंट आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं आणि इंग्रजी अनुवादांचं. मराठीत हा व्यवसाय का रुजला नाही, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एका आवृत्तीच्या १,००० प्रती, किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के धरा. सगळ्या प्रती पूर्ण किमतीला खपल्या तरी लेखकाच्या हाती ३० हजार येतात आणि त्यातले एजंटाचे साडेचार हजार. एकेका हस्तलिखितावर महिनोन् महिने घालवणाऱ्या माणसाचं घर यावर चालणार नाही, शिवाय मराठीत पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती निघणं हेच अनेकदा अवघड असतं. म्हणून आपल्याकडचा लेखक थेट प्रकाशकाच्या दारात उभा राहतो, आणि मधल्या माणसाचं काम दुसऱ्याच कुणाला तरी करावं लागतं.

आपल्याकडे ते काम संपादकांनी, प्रस्तावनाकारांनी आणि दिवाळी अंकांनी केलं. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या लेखकाची पहिली कथा-कविता वाचकांपुढे नेणारी एक वाट दरवर्षी खुली राहिली आहे. अंकाचा संपादक शेकडो मजकुरांतून एक निवडतो तेव्हा तो आपलं नाव पणाला लावतो. प्रस्तावनेचंही तसंच. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. ढसाळांची कविता स्वतःच्या बळावर उभी आहे यात शंका नाही, पण तिच्यातल्या जगाशी ओळख नसलेल्या वाचकाला तिच्यापर्यंत न्यायला तेंडुलकरांच्या शब्दाचं वजन उपयोगी पडलं. सर्वांत बोलकं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या वारल्या. त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी उतरवून घेतलेल्या होत्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. कवयित्रीची प्रसिद्धी शून्य होती. एका माणसानं जपलं, दुसऱ्यानं ओळखलं आणि जाहीरपणे सांगितलं, एवढ्या आधारावर ती कविता महाराष्ट्रभर गेली.

तुमच्या जिल्ह्याचा दाखला याहून वेगळं सांगत नाही. बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ साली सातोन्याचा, आणि १९५३ साली परभणीत ते गेले तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. निजामाच्या राज्यात, जिथे कारभाराची भाषा उर्दू होती, तिथे सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी कथा, कादंबऱ्या आणि कविता लिहिल्या. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूर होते, तरी त्यांचं नाव मराठी कादंबरीच्या इतिहासात राहिलं आणि परभणीत एक सभागृहही त्यांच्या नावाचं आहे. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या या कवीची कविता कामगारांच्या सभांमधून, समोरासमोर ऐकली जाऊन पसरली. इंद्रजित भालेराव यांची कविता गावोगावच्या वाचनांतून शेतकऱ्यांच्या घरात गेली. परभणीत पत्रकारिता करणाऱ्या आसाराम लोमटे यांना 'आलोक' या कथासंग्रहासाठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या दीर्घकथांमधलं गाव बारकाईनं वाचणारे संपादक त्यांना भेटले होते. आणि ही जुन्या काळाची गोष्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही. तुळजापूरला शिवणकाम करणारे देविदास सौदागर यांना 'उसवण' या कादंबरीसाठी २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत बुडणाऱ्या शिंप्याची ही कादंबरी ज्या देशमुख आणि कंपनीनं काढली, तिनंच १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढली होती. दोन्ही वेळा नव्या माणसाची कादंबरी वाचून कुणीतरी ती छापण्याची जोखीम घेतली, आणि मधल्या साठ वर्षांत या कामाला दुसरा पर्याय निघालेला नाही.

आता इंग्रजीतले दाखले घेऊ, कारण सल्ला तिकडून आला आहे. अरुंधती रॉय यांची पहिली कादंबरी हस्तलिखित होती तेव्हा, १९९६ साली, प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या पंकज मिश्रा यांनी ती वाचली आणि लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन यांच्याकडे पाठवली. गॉडविन वाचून विमानानं भारतात आले. १९९७ साली पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी त्याला बुकर मिळालं. तेव्हा समाजमाध्यमं नव्हतीच, असं कुणी म्हणेल. म्हणून त्यानंतरचाही एक दाखला देतो. २०२१ साली बिली आयलिश या गायिकेचं पुस्तक अमेरिकेत निघालं. इन्स्टाग्रामवर तिचे ९ कोटी ७० लाख फॉलोअर्स होते. त्या वर्षाअखेरपर्यंत पुस्तकाच्या छापील प्रती खपल्या सुमारे ६४ हजार. म्हणजे दीड हजार फॉलोअर्समागे एक प्रत. हेच प्रमाण आपल्या तरुण कवीला लावलं तर पंधरा हजार फॉलोअर्स मिळवून त्याच्या दहा प्रती खपतील. प्रमाण प्रत्येक ठिकाणी तेच राहील असं नाही, पण फुकट दिसणारी ओळ आवडणं आणि खिशातून पैसे काढून पुस्तक घेणं या दोन क्रियांमध्ये किती अंतर आहे, ते यावरून कळतं. तिकडचे एजंटसुद्धा कथा-कादंबरीच्या बाबतीत लेखकाचं पत्र, कथानकाचा गोषवारा आणि सुरुवातीची पानं मागतात. आरोग्य, पाककला, गुंतवणूक अशा विषयांवरच्या पुस्तकासाठी मात्र ते लेखकाची लोकांमधली ओळख विचारतात, आणि ते योग्यही आहे, कारण तिथे वाचक त्या माणसाच्या अधिकारावर विश्वास ठेवून पुस्तक घेतो. शेतीचा अनुभव व्हिडिओंमधून सांगणाऱ्या शेतकऱ्यानं पुस्तक लिहिलं तर त्याचे प्रेक्षक ही त्याची खरी जमेची बाजू आहे. घोटाळा होतो तो हा नियम कवितेला आणि कादंबरीला लावला की.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. संपादक आणि प्रस्तावनाकार हे सगळे कोण होते? बहुतेक पुण्या-मुंबईचे, विशिष्ट जातींचे, विशिष्ट अभिरुचीचे. त्यांच्या दारात अडकलेल्यांना मोबाइलनं मोकळी वाट दिली असेल, तर तिला नावं का ठेवायची? या आक्षेपात तथ्य आहे. 'सत्यकथा' मासिकानं मराठी कथेला घडवलं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची होळी केली आणि त्या रागाला कारण होतं. पण त्या तरुणांनी काय केलं ते पाहा. त्यांनी स्वतःची अनियतकालिकं काढली, एकमेकांचं लेखन वाचलं, निवडलं, छापलं. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि दलित लेखकांच्या पिढ्यांना तिथे संपादक मिळाला. 'ग्रंथाली'च्या वाचक चळवळीनं १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' काढलं. अन्याय्य परीक्षकांवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आपले परीक्षक उभे करणं, आणि तो टिकला. मोबाइलवर आज तसं घडू शकतं. चार-पाच जण गट करून एकमेकांचा मजकूर कठोरपणे वाचत असतील तर ते नव्या काळाचं अनियतकालिकच आहे. घराबाहेर पडून साहित्यसभेला जाणं जिला शक्य नाही त्या बाईला तर हा मोठाच आधार आहे. मात्र 'अप्रतिम', 'जबरदस्त' एवढ्यावर थांबणाऱ्या हजार प्रतिसादांना वाचन म्हणता येत नाही. शिवाय कुणाचं लेखन किती जणांना दाखवायचं, हे तिथे कंपनीचं यंत्र ठरवतं. जुन्या संपादकाशी निदान भांडता येत होतं.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. बहिणाबाईंच्या ओव्या टिकल्या म्हणून त्यांचं उदाहरण देता येतं. ज्यांच्या ओव्या जात्यावरच विरल्या त्या बायांचं काय? त्यांचा सोपानदेव आणि त्यांचे अत्रे आलेच नाहीत. हे मान्यच करायला हवं. पण त्या ओव्या का गेल्या, हे नीट विचारलं पाहिजे. त्या उतरवल्या गेल्या नाहीत आणि ज्यांना मोल कळलं असतं त्यांच्या हाती पोचल्या नाहीत. प्रसिद्धीचा प्रश्न त्यानंतरचा होता. यातून निघणारा धडा मोबाइलच्या बाजूचाच आहे, पण वेगळ्या कामासाठी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा, आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करा, आणि पेडगावात बसून मुंबईच्या संपादकाला ईमेल करा. बी. रघुनाथांना जे टपालावर सोपवावं लागत होतं ते आज क्षणात होतं. या सोयीचा लाभ घ्यायला एकही फॉलोअर लागत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रकाशकच हल्ली खपाची हमी मागतात, काही तर लेखकाकडूनच छपाईचे पैसे घेतात. मग फॉलोअर्स असलेल्याला झुकतं माप मिळणारच. मिळत असेल. पण जो प्रकाशक मजकूर न वाचता आकडा विचारतो तो लेखकाला गिऱ्हाइकांची यादी समजतो, आणि यादी संपली की त्याचा रसही संपतो. दुसऱ्या पुस्तकाला तो उभा राहीलच असं नाही. शिवाय आकड्यामागे धावण्याची एक कायदेशीर किंमतही आहे, तिच्याकडे नवे लेखक लक्ष देत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'प्रकाशन' या संज्ञेत प्रती काढण्याबरोबरच लोकांपर्यंत मजकूर पोचवणंही धरलेलं आहे. कादंबरीची प्रकरणं उघड्यावर टाकून झाली की 'अप्रकाशित साहित्यच पाठवा' असा नियम असलेले अंक आणि स्पर्धा तिला नाकारू शकतात. कवितेचं तर त्याहून वाईट होतं. व्हॉट्सअॅपवर दोनदा पुढे सरकली की खालचं नाव गळतं, आणि पुढे मूळ कवीलाच ती आपली असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

मग इंटरनेटवर असावं की नसावं? असावं, पण बेतानं. संपादकानं किंवा एखाद्या अनुवादकानं तुमचं नाव शोधलं तर तुम्ही कोण, कुठे राहता, कोणत्या अंकात काय आलं आणि संपर्क कसा करायचा, एवढं त्याला कळावं. मराठीतून इंग्रजीत जाण्याची संधी पुढेमागे आलीच तर तिथला एजंटही एवढंच आधी पाहील. हे काम एका दुपारचं आहे. छापून आलेल्या कथेचा तुकडा तिथे ठेवायला हरकत नाही. अपुरं पुस्तक मात्र ठेवू नये. बाकीचा वेळ लेखनाला आणि वाचनाला द्यावा.

आणि म्हणून या गावातल्या लिहित्या मुलामुलींना माझी विनंती आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित तपासलं जातं, फॉलोअर्स मोजले जात नाहीत. तिची जाहिरात निघाली की नियम वाचून अर्ज करा. यंदाच्या दिवाळी अंकांसाठी एक कथा किंवा चार कविता वेळेत पाठवा, आणि नकार आला तर कारण विचारा. आपलं लेखन खोडून परत देईल असा एक तरी वाचक शोधा. आणि ज्येष्ठांनो, तुमच्याकडे कुणी वही घेऊन आलं तर पाठ थोपटून परत पाठवू नका. ती वही शेवटपर्यंत वाचा, आणि मजकूर चांगला असेल तर आपल्या नावानिशी तसं चार लोकांत सांगा. एवढं झालं तर या गावातल्या लेखकाला मुंबईच्या एजंटाची वाट पाहावी लागणार नाही.