तीस दिवसांत कादंबरी



बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जाणाऱ्या मराठी मित्रांनो,
आजचं बोलणं खास तुमच्यासाठी.

एका महिन्यात कादंबरी लिहायची!

१९९९ साली अमेरिकेत ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रांनी हा पण केला.
महिन्याभरात ५० हजार शब्द.
पुढे जगभरच्या हौशी लेखकांनी तो उचलला.

आकडा ऐकून दडपून जाऊ नका.
रोज वहीची सात-आठ पानं.
एवढंच.

आपल्याकडे तर याहून वेगानं लिहिलं गेलंय.
साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते.
९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली.
१३ तारखेच्या पहाटे ती लिहून झाली.
पाच दिवसांत!
पण आठवणी मात्र कित्येक वर्षं मनात मुरलेल्या होत्या.
मला हेच फार मोलाचं वाटतं.

तुमच्याही मनात असं काही असेलच.
गाव सोडलं ती रात्र.
खोलीतले सोबती.
पहिला पगार.

लेथवर तुम्ही आधी रफ कट घेता.
फिनिशिंग मागाहून.
इथंही तसंच.
आधी लिहायचं, सुधारायचं नंतर.
कालचं पान खोडत बसलात, की आजचं राहिलंच.

पाळी बदलली, तर लिहायची वेळ बदला.
ओव्हरटाइम लागला, तर एकच पान लिहा.
पण वही उघडाच.

पुन्हा सांगतो.
आधी लिहायचं, सुधारायचं नंतर.

आज रात्री पहिल्या पानावर तारीख घाला.
आणि ज्याची गोष्ट सांगायची, त्याचं नाव लिहा.