देवगडच्या आंब्यावरचं स्टिकर आणि गोळ्यांच्या स्ट्रिपवरचा क्यूआर कोड

आजचा विषय आहे नकली माल. सुरुवात आंब्यापासून करतो आणि मग औषधाच्या गोळीपर्यंत जातो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. पॅकिंगवर ते चकचकीत स्टिकर असतं, क्यूआर कोड असतो, त्याच्यावर भरवसा ठेवायचा किती? मी दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे मला ह्यात शाई-कागदापेक्षा मागच्या सिस्टीममध्ये जास्त रस आहे. का, ते पुढे कळेलच.

तर आंबा. देवगड हापूस म्हटलं की डझनामागे चार पैसे जास्त द्यायला आपण तयार असतो. आणि जिथे भाव जास्त, तिथे नक्कल आलीच. कर्नाटकातला आंबा दिसायला बराचसा तसाच, भावाने स्वस्त. तो 'देवगड हापूस' छापलेल्या खोक्यात भरला की झाला देवगड. खोका काय, कुठलाही छापखाना छापून देईल. (कर्नाटकच्या आंब्यावर माझा राग नाही हां. कर्नाटकचा म्हणून विका, आनंदाने खाईन.) २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले पाच जिल्हे. कागदावर सगळं चोख झालं. पण वाशीच्या मार्केटला उतरलेल्या पेटीतला आंबा नक्की कुठल्या झाडाचा, हे कागद सांगत नाही. आमच्या आईसारखी माणसं देठाजवळ वास घेऊन सांगतात. तुम्ही-मी ऑनलाइन ऑर्डर करणारी माणसं, आपण वास कशाचा घेणार, स्क्रीनचा?

२०२५च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने ह्यावर एक उपाय आणला. प्रत्येक आंब्यावर वेगळं स्टिकर. पेटीवर नाही, फळावर. स्टिकरवर एक कोड असतो आणि त्याचे दोन भाग असतात, एक वर दिसणारा आणि एक स्टिकरच्या आत लपलेला. गिऱ्हाईकाने काय करायचं, तर न फाडलेल्या स्टिकरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. पलीकडून विचारणा होते की आतला नंबर सांगा. मग स्टिकर फाडायचं, आतला नंबर पाठवायचा. दोन्ही जुळले तर आंबा खरा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आंबा खायला एवढा व्याप कोण करेल? पण सिस्टीम म्हणून बघितलं तर ही कल्पना भारी आहे. थोडं उलगडून सांगतो.

छापलेली कुठलीही गोष्ट कॉपी होते. होलोग्राम घ्या. होलोग्राम बनवणं एकेकाळी अवघड होतं, आता तसाच दिसणारा चमकणारा कागद सहज मिळतो. आणि खरा गोंधळ वेगळाच आहे, आपल्याला मूळ होलोग्राम कसा दिसतो हेच माहीत नसतं. काहीतरी चमकतंय, म्हणजे अस्सल असेल, एवढाच आपला हिशोब. साधा क्यूआर कोड तर त्याहून सोपा. तो म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर. एका खऱ्या पाकिटाचा फोटो काढा आणि दहा हजार पाकिटांवर छापा. दहा हजारही स्कॅन होतील आणि दहा हजारही 'खरं आहे' म्हणतील. कारण स्कॅनर फक्त मजकूर वाचतो, तो कागदाची कुंडली काढत नाही.

मग वाचवणार कोण? मोजणी. प्रत्येक नगाला वेगळा नंबर द्यायचा आणि सर्व्हरने लक्षात ठेवायचं की हा नंबर वापरून झालाय. तुमच्या बँकेचा ओटीपी असतो ना, तसंच. तोच ओटीपी दुसऱ्यांदा टाकला तर चालत नाही. स्टिकरच्या आतला नंबर बघायचा तर स्टिकर फाडावं लागतं, फाडलं की ते दुसऱ्या आंब्याला लावायची सोय संपली. आणि नुसता वरचा भाग कॉपी करून छापला तर आतला जुळत नाही. नक्कल करणाऱ्याला आता एक आंबा फोडून दहा हजार बनवता येत नाहीत. त्याला दहा हजार खरी स्टिकर मिळवावी लागतील.

आणि इथे ती गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त आवडली. संस्था ही स्टिकर वाटेल तेवढी देत नाही. बागायतदाराकडे झाडं किती, त्यांचं उत्पन्न किती, त्या अंदाजाने स्टिकर मिळतात. म्हणजे देवगडात पिकणाऱ्या आंब्यापेक्षा 'देवगड' म्हणवणारे आंबे जास्त होऊच नयेत, असा हिशोब. विचार करा, ह्यात शाईचं, लेझरचं, नॅनो-बिनो कशाचंही कौतुक नाही. झाडं मोजणं आहे. तलाठ्याच्या पद्धतीचं काम. नकली मालाविरुद्ध मला माहीत असलेल्या उपायांत हा सगळ्यात कमी ग्लॅमरचा आणि सगळ्यात जास्त कामाचा आहे.

भोक आहे का? आहे. समजा एखाद्याला पाच हजार स्टिकर मिळाली आणि पावसाने मोहोर गळून आंबा तीनच हजार आला. उरलेल्या दोन हजार स्टिकरांचं काय करायचं, हे त्याच्या सचोटीवर आहे. बाहेरचा आंबा आणून त्यावर खरं स्टिकर लावलं तर सर्व्हर 'खरं' असंच म्हणणार. सर्व्हरला स्टिकर माहीत आहे, आंबा माहीत नाही. दोघांच्या मध्ये आहे तो फक्त गोंद. म्हणूनच कुणी 'आम्ही ब्लॉकचेन लावलीय, आता नकली माल अशक्य' म्हणालं की मला हसू येतं. नोंद कितीही पक्की ठेवा हो, वस्तू आणि नोंद जोडणारा गोंदच आहे शेवटी.

आंब्यात फसलो तर काय, पैसे गेले, चव गेली. आता गोळीकडे येऊ.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून नियम लागू आहे. खपाच्या ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड असायलाच हवा. डोलो, कॅलपॉल, अलेग्रा, थायरोनॉर्म ही त्यातलीच नावं, म्हणजे तुमच्या घरच्या डब्यात एक तरी नक्की असेल. कोड स्कॅन केला की काय दिसायला हवं? उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक.

यादी परत एकदा मनात घोळवा. ओळख क्रमांक सोडला तर बाकीचं सगळं स्ट्रिपवर आधीच छापलेलं असतं! आणि प्रत्येक स्ट्रिपला वेगळा नंबर द्या, तो विकताना रद्द करा, असं ह्या नियमात नाही. एका बॅचच्या सगळ्या स्ट्रिपवर तोच कोड असला तर खऱ्या स्ट्रिपचा फोटो काढून छापणाऱ्याला कोण अडवणार? म्हणजे आंब्याला ओटीपी आणि थायरॉईडच्या गोळीला झेरॉक्स. मला हे पटत नाही, आणि ऐकणाऱ्यांत कुणी फार्मा कंपनीत असेल तर त्याने मला जरूर खोडून काढावं.

अजून एक गंमत. नियम म्हणतो, आतल्या पॅकिंगवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालेल. आता आपण मेडिकलमध्ये जाऊन काय म्हणतो? 'काका, चार गोळ्या द्या.' काका कात्रीने स्ट्रिप कापतात, कागदी पुडीत घालून देतात. खोका त्यांच्याकडे, कोड खोक्यावर, आणि गोळ्या आपल्या पोटात. स्कॅन करणार कशावर, पुडीवर?

युरोपियन युनियनने हे वेगळ्या तऱ्हेने केलं. ९ फेब्रुवारी २०१९ पासून तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला स्वतःचा नंबर असतो. खोकं उघडलं गेलंय का हे कळेल असं सीलही असतं. आणि मुख्य म्हणजे, स्कॅन करायचं काम पेशंटचं नाही, औषध देणाऱ्या फार्मासिस्टचं. तो देताना स्कॅन करतो, नंबर बाद होतो. तोच नंबर पुन्हा कुठे आला की सिस्टीम ओरडते. तापाने फणफणलेल्या माणसाने मोबाइल काढून तपासावं अशी अपेक्षाच नाही.

सीलचा विषय निघालाय तर तेही सांगतो, कारण लोक सील आणि अस्सलपणा एकच समजतात. बाटलीच्या झाकणाखाली आज जो फॉइलचा पडदा दिसतो, त्यामागे १९८२ची शिकागोची घटना आहे. टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं मेली. माल खरा होता, दुकानंही खरी होती, मधेच कुणीतरी बाटली उघडली होती. त्यानंतर अमेरिकेत सीलबंद पॅकिंगचे नियम आले. पण सील एवढंच सांगतं की बंद केल्यावर कुणी उघडलं नाही. बंद कुणी केलं, ते सांगत नाही. नकली माल बनवणाराही सील लावतोच ना. भंगारात गेलेली खरी बाटली पुन्हा भरून आली तर लेबल अस्सल, होलोग्राम अस्सल, आतलं तेवढं नकली. म्हणून महागड्या परफ्यूमची वगैरे रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबल फाडा, झाकण वेगळं फेका.

आणि एक अशी जागा, जिथे कुठलंच स्टिकर पोचत नाही. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये एका प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि त्या हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या होत्या, असं त्यात म्हटलं होतं. सरकारी दवाखान्यात गोळी मिळते खिडकीवर, बऱ्याचदा सुटी. पेशंटने खोकं बघितलेलं नसतं, ब्रँड निवडलेला नसतो, पैसेही दिलेले नसतात. त्याच्यासाठी तपासणी म्हणजे सरकारी लॅबमध्ये गेलेला नमुना आणि तिथून वेळेवर आलेला रिपोर्ट. क्यूआर कोडवर टाळ्या वाजवताना हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते पटकन सांगतो. कोड स्कॅन केलात आणि एखादी लिंक उघडली, तर हिरवी खूण बघून खूश होऊ नका. नकली पाकीट छापणारा नकली वेबसाइटही बनवू शकतो, दोनशे-पाचशे रुपयांत डोमेन मिळतो. पत्ता कंपनीच्या खऱ्या साइटचाच आहे का ते बघा. आंब्याच्या बाबतीतही व्हॉट्सॲप नंबर पेटीवरून घेऊ नका, संस्थेकडून घ्या. औषधाचं पक्कं बिल मागा, बिलावर बॅच नंबर असतो, तो स्ट्रिपवरच्या बॅचशी जुळवा. घरातल्या मोठ्यांची रोजची गोळी असेल तर चार-चार कापून आणण्यापेक्षा अख्खी स्ट्रिप घ्या. संशय आला तर एफडीएची टोल फ्री हेल्पलाइन आहे, स्ट्रिप आणि बिल दोन्ही जपून ठेवून मगच फोन करा.

आणि एक छोटं काम. घरी जाल तेव्हा औषधांच्या डब्यातल्या त्या ३०० पैकी एखाद्या औषधाचा कोड स्कॅन करा. काय उघडतं? बॅच नंबर छापलेल्या नंबराशी जुळतो का? कोड स्ट्रिपवर आहे की मेडिकलवाल्याकडेच राहिलेल्या खोक्यावर होता? खाली कमेंटमध्ये लिहा, औषधाचं नाव आणि काय दिसलं एवढंच. पुढच्या भागात मी तुमची उत्तरं वाचून दाखवेन.