काडतुसाची मुरड

दिवाळीच्या करंजीला मुरड कशासाठी घालतात, हे आपल्या घरातील भगिनींना विचारावयास नको. सारण बाहेर पडू नये, एवढाच तिचा हेतू. रायफलीच्या काडतुसालाही अशीच एक मुरड असते. पितळी पुंगळीचे तोंड गोळीच्या अंगावर किंचित आत दाबतात, तीच ही मुरड. इंग्रजीत तिला क्रिंप म्हणतात आणि ती घालणाऱ्या साच्यास क्रिंपिंग डाय. जे नेमबाज आपली काडतुसे स्वहस्ते भरतात, त्यांनी हा साचा बाळगावा की नाही, ह्याविषयी जाणत्यांत मतभेद आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : बहुतेकांना त्याची गरज नाही, परंतु ज्यांना आहे, त्यांना त्यावाचून गत्यंतर नाही.

1857 साली ज्या काडतुसावरून वणवा पेटला, ते कागदाचे होते. त्याचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. (दारू म्हणजे येथे बंदुकीची, हे शिक्षकाच्या तोंडून आलेले असल्यामुळे स्पष्ट केलेले बरे.) त्या वणव्याची झळ आमच्या कोल्हापुरासही लागली, 31 जुलै 1857 रोजी येथील सत्ताविसावी पलटण उठली. पुढे 1866 च्या सुमारास बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्र्याचे काडतूस सिद्ध केले आणि 1869 साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. कागदाची जागा धातूने घेतली, तेव्हापासून गोळी पुंगळीत घट्ट कशी राहावी, हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला.

त्याचे मुख्य उत्तर मुरड हे नाही. पुंगळीची मान गोळीच्या जाडीपेक्षा केसभर अरुंद ठेवतात. गोळी आत दाबली की पितळ ताणले जाते आणि आपल्या लवचीकपणाने तिला धरून ठेवते. ही पकड नीट असेल, तर साध्या खटक्याच्या, म्हणजे बोल्टच्या, रायफलीला पुरते. ती ढिली असेल, तर वरून मुरड घालून दोष झाकला जातो, जात नाही. मान पुन्हा योग्य मापावर आणणे हाच त्यावरचा खरा इलाज होय.

मग मुरड हवी कोठे? राधानगरी-दाजीपूरचे रान आठवा. एके काळी ते कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. 1958 साली तेथे अभयारण्य झाले आणि 1972 च्या कायद्याने शिकारीचे युग संपले. गव्यासारख्या अजस्र जनावरासाठी शिकारी दुनळी रायफल वापरीत. एक नळी झाडली की तिचा धक्का दुसऱ्या नळीतील न झाडलेल्या काडतुसालाही बसतो. रायफल मागे येते, पुंगळी तिच्याबरोबर मागे खेचली जाते आणि जड गोळी मात्र जागच्या जागी राहू पाहते. म्हणजे ती पुंगळीतून थोडी बाहेर सरकते. गवा अंगावर येत असता दुसरा बार बिनचूक उडेल की नाही, ही शंका कोणास परवडणार? तेथे मुरड हवीच.

नळीसारख्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक उभी असतात. तेथे धोका उलट दिशेने येतो. धक्क्याने आणि स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत मागे दबते, दारूची जागा कमी होते आणि बाराचा दाब वाढतो. हा दाब झाडणाऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो, हे ध्यानात घ्यावे. आपोआप भरणाऱ्या रायफलीतही काडतूस जोराने आदळत पुढे जाते. म्हणून लष्करी काडतुसांना मुरड सर्रास आढळते.

आता तिचे तोटे. मुरड सारखी पडावयाची, तर सर्व पुंगळ्या एकाच लांबीच्या हव्यात. एक लांब नि एक आखूड असेल, तर एकीला घट्ट आणि दुसरीला नावापुरती मुरड बसते. असे झाल्यास नेमात सारखेपणा येण्याऐवजी जातो. गोळीच्या कमरेला खाच नसेल, तर पुंगळीचे तोंड तिच्या अंगात रुतून तिचा आकार बिघडतो. गोळी बसविण्याच्या साच्यातच मुरडीची सोय असते आणि पुष्कळजण दोन्ही कामे एका दाबात उरकतात. गोळी अजून खाली सरकत असता तोंड आवळू लागले, तर गोळीचे तांब्याचे आवरण खरवडते; फाजील दाबाने पुंगळीचा खांदा फुगून काडतूस रायफलीत शिरतच नाही. म्हणून दोन कामे दोन दाबांत करावीत. चारी बाजूंनी चिमटा घेणारा स्वतंत्र साचा मिळतो. त्याला पुंगळीच्या लांबीतील थोडा फरक खपतो.

कोल्हापूरच्या नेमबाजांचा ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला कांस्यपदक मिळविले. दोघांच्याही हाती पन्नास मीटरची, पॉइंट टू-टू बोराची रायफल होती. त्या चिमुकल्या काडतुसाची ठिणगी पुंगळीच्या कडेतच भरलेली असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. त्याची मुरड कारखान्यातच पडते. तेथे नेमबाजाच्या हाती एवढेच उरते, की निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडून आपल्या रायफलीला कोणती खेप मानवते ते पाहावे.

स्वहस्ते भरण्याचा प्रश्न मोठ्या बोराच्या रायफलीपुरता राहतो, आणि तोही परवानाधारकालाच; 1959 च्या शस्त्रकायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. ज्याला ही मुभा आहे, त्याने वादात न पडता पारख करावी. पुंगळी, दारू, गोळी सर्व एकसारखे. दहा काडतुसे मुरडीची, दहा बिनमुरडीची. आधी सगळी एका जातीची नि मग दुसरीची, असे न करता आलटून पालटून झाडावीत, म्हणजे तापलेल्या नळीचा आणि थकलेल्या खांद्याचा दोष एकीच्याच माथी येणार नाही. दोन कागदांवरील छिद्रे मग शेजारी ठेवून मोजावीत.