खडा पित्ताशयात, कारण यकृतात



सोनोग्राफीत पित्ताशयाचे खडे दिसले की रुग्ण सर्जनकडे जातो. साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड वाढले की फिजिशियनकडे. माणूस एकच, फायली दोन. हा दुसरा बिघाड, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम, आणि खडे एकाच घरात, एकाच शरीरात वारंवार सापडतात, म्हणून दोन्ही देणारं एखादं जनुक असेल अशी आशा आपल्याला वाटते. माझं म्हणणं असं की ही आशा सोडून द्यावी. दुवा आहे, पण तो यकृताच्या कामात आहे, आणि आनुवंशिकतेने तो अधिक स्पष्ट दाखवला आहे.

2007 साली जर्मनी आणि चिलीतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात एबीसीजी8 या जनुकातला एक बदल खड्यांशी जोडलेला आढळला. यकृतपेशीच्या पित्ताकडच्या पडद्यावर एबीसीजी5 आणि एबीसीजी8 ही प्रथिनं जोडीने बसतात आणि पंपासारखं कोलेस्टेरॉल पित्तात टाकतात. एबीसीजी8 मध्ये एकोणिसाव्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडीन आलं की खड्यांचा धोका वाढतो. गंमत अशी की हा बदल असलेल्यांच्या रक्तात एलडीएल थोडं कमीच असतं. रक्तातून गेलेलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं. पित्तक्षार आणि लेसिथिन यांना ते विरघळवून ठेवणं झेपेनासं झालं की स्फटिक धरतात. लिपिड प्रोफाइल चांगलं, म्हणून खड्यांची भीती नाही, हा हिशेब इथेच कोसळतो. पुढच्याच वर्षी, ज्यांच्या यकृतातला इन्शुलिनचा ग्राही (रिसेप्टर) काढून टाकला होता अशा उंदरांत, फॉक्सओ1 हा नियंत्रक मोकाट सुटून याच पंपाची जनुकं जास्त चालू झाल्याचं दिसलं. म्हणजे जन्मजात बदल आणि इन्शुलिनला दाद न देणारं यकृत, दोघेही एकाच पंपाला जोर लावतात.

उंदरावरून माणूस कसा ओळखायचा, असं कोणी विचारेल, आणि योग्यच विचारेल. त्यासाठी डेन्मार्कमधला 2013 चा अभ्यास पाहावा. वजन वाढवणारी जनुकं वारशाने मिळालेल्यांना त्रासदायक खड्यांचाही धोका जास्त निघाला. ही जनुकं जन्माआधीच वाटली जातात, खडे नंतर होतात. त्यामुळे खड्यांमुळे लठ्ठपणा आला, असा उलटा अर्थ लावता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्वीडनमधल्या 43,000 हून अधिक जुळ्यांच्या जोड्यांत खड्यांवर आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 25 टक्केच निघाला. मग जनुकांच्या मागे एवढं का लागायचं? कारण तिथे आपण भविष्य वाचायला नाही, यंत्रणा वाचायला जातो. उरलेला मोठा वाटा आहार, वजन, गर्भारपण अशा गोष्टींचा आहे, आणि त्यांपैकी काहींना हात घालता येतो.

जीसीकेआर या जनुकाचं उदाहरण तर एक-जनुकवाद्यांनी जपून वापरावं. त्यातला एक सर्रास आढळणारा बदल ट्रायग्लिसराइड वाढवतो आणि उपाशीपोटीची साखर मात्र खाली आणतो. कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे सिंड्रोमचे पाचही निकष एका सुरात चालतात हा आपला समज तिथे टिकत नाही. म्हणून बाजारातल्या जनुकचाचणीचा आकडा पाहून रुग्णाला घाबरवणं किंवा निर्धास्त करणं, दोन्ही मला अमान्य.

आपल्याकडे एक गुंता जास्त आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा असू शकतो. वजनकाट्यावर तो सुटतो, टेपवर सापडतो. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंमी, स्त्रियांसाठी 80. तेव्हा खड्याचा सोनोग्राफी रिपोर्ट हातात आला की त्याच भेटीत कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल पाहावं. पित्ताशय काढल्याने खडा जातो, यकृताचा इन्शुलिनशी चाललेला झगडा तसाच राहतो. वजन उतरवायला सांगताना घाई मात्र नको: झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांच्या पित्तातही खडे धरतात, आणि महिन्याभरात बारीक करून देणाऱ्यांच्या जाहिरातीत हे छापलेलं नसतं.