चिंच, पूड आणि एक निष्काळजी वाक्य : नाणी जमवताना मी शिकलेले धडे

इंदूर, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर, दिल्ली, जिथून कुठून ऐकताय त्या सगळ्यांना बडोद्याहून नमस्कार. सरकारी पाटीवर वडोदरा असलं तरी आमच्या दांडिया बाजारात अजून बडोदंच म्हणतात.

मी बँकेत कॅशियर होते. तेहतीस वर्षं काउंटरच्या आत बसून नाणी मोजली आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा नाणीच पाहिली. लोकांना वाटतं, नाणी जमवणारा माणूस म्हणजे मोठा जाणकार. मी तुम्हाला आज माझ्या दोन चुका सांगणार आहे. बाकीचा सल्ला त्यातूनच निघेल.

पहिली चूक अकराव्या वर्षीची. आमच्या आजोबांकडे पितळेचा एक पानाचा डबा होता. त्यात पानाऐवजी नाणी. राणीछाप रुपया, भोकाचा पैसा, चवल्या-पावल्या, गायकवाडी पैसे आणि तीन शिवराया. दिवाळीच्या आधी घरात तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली होती. मला वाटलं, आजोबांना खूश करू. चिंच, मीठ आणि भांडी घासायची पूड घेऊन मी डब्यातली सगळी तांब्याची नाणी लखलखीत केली आणि ताटात मांडून त्यांच्यापुढे नेली.

आजोबांनी एक नाणं उचललं, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "अगं बाय, हे काय केलंस?" रागावले नाहीत. पुन्हा डबा बंद केला आणि म्हणाले, "दोनशे-अडीचशे वर्षांचं होतं. आता कालचं दिसतंय."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला. तांब्यावर काळानं चढलेला तपकिरी, काळसर थर म्हणजे मळ नव्हे. तो नाण्याचं कातडं असतो. आतल्या धातूला तोच राखतो आणि नाणं जुनं असल्याची खूणही तोच देतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, आणि पूड अक्षरांच्या कडा घासून काढते. एकदा गेलेला थर परत येत नाही. म्हणून पहिला नियम पाठ करा : नाणं चमकवायचं नाही. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, रुमालानं घासणंही नको. माती लागलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा आणि मऊ कापडावर नुसतं टेकवून सुकवा. शंका असेल तर तेवढंही करू नका. न पुसलेलं नाणं उद्या जाणकाराला दाखवता येतं.

त्या तीन शिवराया आजही माझ्याकडे आहेत. नव्या संग्राहकांसाठी सांगते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हातानं ठोकलेली नाणी, त्यामुळे छाप बऱ्याचदा एका बाजूला सरकलेला, एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं. अक्षरांची वळणंही निरनिराळी. हे नाणं महाराजांनंतरही फार काळ चाललं, वेगवेगळ्या ठिकाणी पाडलं गेलं. 'दुदांडी' म्हणतात ती शिवराई नंतरच्या काळातली. म्हणजे शिवराई मिळाली की ती थेट महाराजांच्या हयातीतलीच, असं समजू नका. विकणारा तसं छातीठोक सांगत असेल तर खिशातला हात बाहेर काढायची घाई करू नका.

आता दुसरी चूक. ही जास्त लागते.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका होते. एकदा जिन्यात भेटले, हातात पाच रुपयांचं नाणं, त्यावर वैष्णोदेवी. "ताई, तुम्ही नाण्यांतल्या. याला काही किंमत आहे का हो?" मी भाजी घेऊन घाईत होते. हसून म्हटलं, "सांभाळून ठेवा काका, येईल किंमत."

एवढंच वाक्य. चार महिन्यांनी कळलं, त्यांनी मोबाइलवर जाहिरात पाहिली, फोन केला. समोरच्यानं सांगितलं, या नाण्याचे दहा लाख देतो, आधी नोंदणीची फी भरा. मग कराची रक्कम. मग कुरिअरचा विमा. काकांनी तीन वेळा मिळून पंचवीस हजार भरले. घरी कुणाला बोलले नाहीत. मला म्हणाले, "तुम्हीही म्हणाला होतात ना ताई, किंमत येईल म्हणून." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ सालचं, पाच आणि दहा रुपयांत निघालेलं, भरपूर संख्येनं पाडलेलं. वापरलेल्या नाण्याची किंमत दर्शनी किमतीपेक्षा फार नाही. असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कसलीही फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. म्हणून दुसरा नियम : नाणं विकायला जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आणि आपण जे स्वतःला जाणकार म्हणवतो, त्यांच्यासाठी तिसरा नियम : 'सांभाळून ठेवा, किंमत येईल' हे वाक्य कुणालाही म्हणू नका. माहीत असेल ते सांगा, नसेल तर नाही म्हणा.

मग किंमत ठरते कशावर? नुसत्या वयावर नाही. दोन हजार वर्षांचं झिजलेलं तांब्याचं नाणं काही शेकड्यांत मिळू शकतं. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून कितीतरी पट महाग. नाणं किती शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि किती जणांना हवं आहे, या तीन गोष्टींवर भाव बसतो.

जिथे भाव, तिथे नकला. १९३९ च्या रुपयात साल बदलून केलेली नाणी फिरतात. १९३८ चा रुपयाही त्याच वजनाचा, त्याच चांदीचा, त्यामुळे इथे तराजू उपयोगी नाही. भिंगाखाली शेवटचा आकडा पाहा. खोटेपणा तिथेच सापडतो. इतर वेळी मात्र तराजू खरा मित्र. १८३५ पासून कंपनीनं देशभर एकसारखा रुपया सुरू केला, त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. नाणं थोडं झिजेल, वजन किंचित उतरेल. पण दहा ग्रॅमचा रुपया कुणी 'खणखणीत बंदा' म्हणून देत असेल तर हात जोडा आणि पुढे चला. शंभर रुपयांचं लोहचुंबकही जवळ ठेवा. चांदी त्याला चिकटत नाही.

आणखी एक सापळा जत्रेत आणि रस्त्यावर दिसतो. तांब्याची जाड चकती, एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला १८१८ साल, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि 'वन आणा'. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. देवघरात ठेवायला हरकत नाही, नाणं म्हणून पैसे मोजू नका.

सुरुवात कुठून करावी, असं मुलं विचारतात. मी म्हणते, खिशातून. आजच्या नाण्यावर सालाच्या खाली पाहा. छोटा हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. दहा रुपयांचं नाणं घ्यायला दुकानदार कुरकुर करतात ना? २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोवर निघालेले चौदाही प्रकार चलनात वैध आहेत. ते चौदा जमवा. एक पैसाही जादा न देता संग्रह सुरू होतो. मग मागे जा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. जुन्या-नव्या पैशात घोटाळा नको म्हणून 'नया पैसा' लिहिलं, आणि १९६४ मध्ये 'नया' गळलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या बदलाच्या गमती अजून ऐकायला मिळतील.

आपण मराठी माणसं ज्या गावी आहोत, त्या गावचं नाणं शोधा, असंही मी सुचवेन. बडोद्याच्या पैशावर घोड्याची टाप आणि तलवार आहे, साल संवतात आहे. इंदूरच्या होळकरांच्या नाण्यावर सूर्य आहे. हैदराबादच्या हाली सिक्क्यावर चारमिनार आहे. आपण या गावात कधीपासून आहोत, याचा पुरावा कधी कधी नाण्यावरच्या देवनागरीत सापडतो.

ठेवायचं कसं? नाणं नेहमी कडेनं धरा, खाली टॉवेल अंथरून. स्वस्त, वास मारणारे पीव्हीसीचे अल्बम टाळा. त्यांच्यामुळे नाण्यावर हिरवा, चिकट थर येतो. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाका.

कायदाही लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू आहे. परदेशी राहणाऱ्या लेकीला भेट म्हणून पाठवता येत नाही. घराचा पाया खणताना मडकं सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरांना कळवावं लागतं. हे जाचक वाटतं, पण एक गोष्ट ऐका. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. कोण हरलं, कोण जिंकलं, हे त्या ढिगानं सांगितलं. तीच नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर आपल्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. जमलं तर नाशिकजवळ अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आणि मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय पाहून या.

शेवटचं. वही करा. नाणं कुठून आलं, कधी, कितीला, वजन किती, एवढं लिहा आणि ती वही कुठे आहे हे घरात सांगून ठेवा. आजोबांनी वही केली नव्हती. त्या शिवराया त्यांना कुणी दिल्या, कुठल्या गावच्या, हे त्यांच्याबरोबर गेलं. चिंचेनं वरचा थर गेला तसा न लिहिण्यानं आतला थर गेला, आणि हे दुसरं नुकसान माझं नव्हे, सगळ्या घराचं.

माझ्या अल्बमच्या पहिल्या कप्प्यात मी ती घासलेली शिवराई ठेवली आहे. संग्रह बघायला येणारा प्रत्येक मुलगा विचारतो, "आजी, हीच एवढी का चमकते?" मग मी सांगते. काकांची गोष्टही सांगते, त्यांचं नाव न घेता.

आज घरी गेल्यावर जुना डबा काढा. पुसू नका. नुसतं पाहा, आणि एका नाण्याची नोंद करा.