दोष सांगणारी भाषा

(पनवेल येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



राज्याचा कारभार राज्यातील लोकांच्या भाषेत चालावा, हे तत्त्व महाराष्ट्राने राज्यस्थापनेपासूनच स्वीकारले. १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी ६ जुलै रोजी भाषा संचालनालयाची स्थापना झाली. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ संमत झाला. टिपणी, परिपत्रक, अर्ज, दाखला या साऱ्यांची भाषा क्रमाक्रमाने मराठी झाली. आज या कारभाराचा मोठा भाग संगणकावर होतो. पडद्यावरील नमुना मराठीत असतो, छापून निघणारा दाखलाही मराठीत असतो. मात्र काम मध्येच अडले, तर पडद्यावर उमटणारे वाक्य बहुधा इंग्रजीत असते. सर्व काही सुरळीत असताना मराठी आणि अडचणीच्या नेमक्या क्षणी इंग्रजी, अशी ही स्थिती आहे.

तिचा परिणाम कोणत्याही गावच्या कार्यालयात पाहावयास मिळतो. दाखल्यासाठी आलेला नागरिक समोर उभा असतो. पडद्यावर दोन ओळी येतात. त्या न वाचताच कर्मचारी मिळेल ती कळ दाबतो, किंवा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ विचारतो, “नेमके काय आले होते?” उत्तर मिळते, “काहीतरी इंग्रजीत आले होते.” दोषाचा एकमेव पुरावा अशा रीतीने नष्ट होतो, आणि नागरिकाला पुन्हा हेलपाटा पडतो. म्हणून संगणकाच्या दोषसंदेशांचे भाषांतर हा केवळ तंत्रज्ञांच्या आवडीचा विषय राहत नाही. तो कारभाराचा विषय ठरतो.

दोष शोधणारे साधन

संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ती नोंदवही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. हा शब्द मात्र त्याहून जुना असून थॉमस एडिसन यांनी १८७८ मधील एका पत्रात तो यंत्रातील दोषासाठी वापरला होता.

असे दोष शोधण्यासाठी वेगळी साधने असतात. त्यांपैकी ‘जीडीबी’ हे साधन रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिले आणि ते आजही जगभर वापरले जाते. त्याचे काम लेखापरीक्षकासारखे आहे. चालू असलेली आज्ञावली ते हव्या त्या ओळीवर थांबविते, त्या क्षणी कोणत्या खात्यात कोणता आकडा आहे ते दाखविते आणि एकेक पाऊल पुढे जाऊ देते. एका आज्ञेने दुसरीला आणि दुसरीने तिसरीला काम सोपविले, हा सारा क्रमही ते उलट्या दिशेने मांडून दाखविते. एखादी नस्ती कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर गेली, हे आवक-जावक नोंदवहीवरून शोधण्यासारखाच हा प्रकार होय. हे साधन वापरणाऱ्याशी केवळ वाक्यांतून बोलते. ती वाक्ये नीट कळली नाहीत, तर तपास चुकीच्या दिशेने जातो.

या संदेशांच्या भाषांतराची एक रूढ पद्धत आहे. तिचे नाव ‘गेटटेक्स्ट’. आज्ञावलीतील प्रत्येक संदेशाला लिहितानाच खूण केली जाते. खूण केलेले संदेश एका फाइलमध्ये एकत्र काढले जातात. वरच्या ओळीत मूळ वाक्य आणि खालच्या ओळीत भाषांतर, अशी तिची मांडणी असते. भाषांतर नसलेल्या ठिकाणी मूळ वाक्यच दिसते. म्हणजे भाषांतरकाराला आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. आवश्यक असते ते संदेशाचा अर्थ समजणे आणि मराठीवर पकड असणे.

शब्द आणि त्यामागील घटना

या कामातील पहिला धोका शब्दाला शब्द ठेवण्याचा आहे. ‘ब्रोकन पाइप’ या संदेशाचे भाषांतर कोणी ‘नळ फुटला’ असे केले, तर ग्रामपंचायत सदस्याच्या डोळ्यांपुढे पाणीपुरवठा योजना उभी राहील. वस्तुतः एक आज्ञावली दुसरीला माहिती पाठवीत असताना घेणारी आज्ञावली आधीच बंद झाली, एवढेच त्यात सांगितलेले असते. ‘बस एरर’ या संदेशाचा एस.टी.शी काहीही संबंध नाही. येथे ‘बस’ म्हणजे संगणकाच्या आतील माहिती वाहून नेणारा मार्ग. ‘फेटल एरर’ प्राणघातक नसते. काम पुढे चालू शकणार नाही, इतकाच तिचा अर्थ. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ हा कोणत्याही कायद्याचा भंग नाही. यंत्राला न कळणारी आज्ञा त्याच्यापुढे आली, असे ते सांगते.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हा संदेश तर पुष्कळदा भेटतो. आज्ञावलीने तिला न दिलेल्या स्मृतिस्थानाला हात लावला, असा त्याचा आशय आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर आपल्या नावावर नसलेल्या गटात नांगर घातला. एवढे कळले की दोष जागेच्या हिशेबात आहे, हे नवशिक्या विद्यार्थ्याच्याही ध्यानात येते. ‘खंडीकरण दोष’ असा जडजंबाल शब्द ठेवल्याने ते येत नाही. घटना आधी समजून घ्यावी आणि मग ती मराठीत सांगावी, हा या कामाचा पहिला नियम म्हटला पाहिजे.

रिकामी जागा आणि ‘मौजे’

दुसरी अडचण मराठीच्या घडणीतून येते. संदेशात अनेकदा रिकामी जागा असते आणि तेथे फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक किंवा आज्ञेचे नाव आयत्या वेळी भरले जाते. इंग्रजीत त्या जागी काहीही आले तरी वाक्य बिघडत नाही. मराठीत बिघडते. ‘पनवेल’चे ‘पनवेलमध्ये’ होते, पण ‘पुणे’चे ‘पुण्यात’ आणि ‘ठाणे’चे ‘ठाण्यात’ होते. शिवाय क्रियापदाला लिंग लागते. दस्तऐवज सापडला, फाइल सापडली, नाव सापडले. रिकाम्या जागेत काय येणार हे माहीत नसताना यांतील कोणते रूप लिहावे?

या प्रश्नाचे उत्तर महसुली कागदांत फार पूर्वीपासून दिलेले आहे. ‘मौजे अमुक, तालुका पनवेल’ असे तेथे लिहिले जाते. गावाचे नाव कोणतेही असो, ‘मौजे’ हा शब्द आधी आल्यामुळे नावाला प्रत्यय लावावा लागत नाही, आणि ‘येथील’ हा शब्द पुढे सुटा येतो. दोषसंदेशातही हेच करता येते. ‘अमुक उघडली नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘फाइल अमुक ही उघडता आली नाही’ असे लिहिले, की लिंग आणि विभक्ती यांचा भार ‘फाइल’ या शब्दावर पडतो आणि भरले जाणारे नाव जसेच्या तसे राहते. कारकुनाच्या लेखणीतून आलेली ही युक्ती संगणकाच्या भाषांतरकाराने अवश्य उचलावी.

एका वाक्यात दोन रिकाम्या जागा असतील, तर मराठीत त्यांचा क्रम सहसा उलटतो. इंग्रजीत दोष आधी आणि ठिकाण नंतर; मराठीत ठिकाण आधी आणि दोष नंतर. जागांना क्रमांक देऊन हा क्रम बदलण्याची सोय आहे. मात्र जागा दर्शविणारे चिन्ह गाळले वा बदलले, तर आज्ञावली स्वतःच कोसळू शकते. दोष शोधणारे साधन भाषांतरामुळेच दोषी व्हावे, असे घडू नये. यासाठी भाषांतरित फाइल वापरात आणण्यापूर्वी चिन्हांची तपासणी करणारी सोयही उपलब्ध आहे आणि तिचा वापर टाळू नये.

तिसरी बाब संमतीची आहे. सर्व थांबे पुसून टाकावेत काय, असा प्रश्न जीडीबी विचारते आणि उत्तरादाखल ‘वाय’ किंवा ‘एन’ हीच इंग्रजी अक्षरे ओळखते. भाषांतरकाराने प्रश्नाखाली ‘हो किंवा ना’ असे लिहून ठेवले, तर वापरणारा मराठीत उत्तर देत राहील आणि साधन ते स्वीकारणार नाही. अशा ठिकाणी प्रश्न मराठीत आणि उत्तराचे अक्षर मात्र साधनाला कळणारे, असेच ठेवावे लागते.

एक वस्तू, एक नाव

साधनाबरोबर मदतीचा मजकूरही येतो. जीडीबीत प्रत्येक आज्ञेच्या माहितीची पहिली ओळ यादीत वेगळी दाखविली जाते, म्हणून ती ओळ स्वयंपूर्ण असावी लागते. या मजकुरात शब्द शोधण्याचीही सोय आहे. आज्ञावली थांबविण्याच्या जागेला एका पानावर ‘थांबा’, दुसऱ्यावर ‘विरामबिंदू’ आणि तिसऱ्यावर ‘खंडस्थान’ म्हटले, तर शोधणाऱ्याला एकतृतीयांश माहितीच मिळेल. उरलेली माहिती असूनही नसल्यासारखी होईल. शब्द सुंदर असण्यापेक्षा तो सर्वत्र एकच असणे येथे अधिक मोलाचे आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले होते. तरीही एका पदाला एक नाव ही शिस्त टिकली आणि गटविकास अधिकारी म्हणजे कोण, हे आज कोणाला विचारावे लागत नाही. १९७३ चा शासन व्यवहार कोश त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता. संगणकाच्या क्षेत्रात वारंवार येणाऱ्या शब्दांचे प्रमाणीकरण करण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प रेड हॅट या कंपनीच्या पुढाकाराने सुरू झाला आणि मराठीही त्यात आली. मात्र अत्रे यांच्या टीकेतील इशाराही विसरता कामा नये. लोकांच्या तोंडी रुळलेला ‘फाइल’ किंवा ‘पासवर्ड’ हा शब्द काढून त्या जागी अपरिचित शब्द बसविल्याने मराठीची सेवा होत नाही.

इंग्रजीच का नको?

संदेश मुळीच भाषांतरित करू नयेत, असे अनेक अनुभवी तंत्रज्ञांचे मत आहे. त्यांचा मुद्दा वजनदार आहे. त्याच इंग्रजी वाक्यावरून जगभरात झालेल्या चर्चा आणि त्यांतील उपाय सापडतात. मराठी वाक्यावरून ते सापडणार नाहीत. या आक्षेपाचे उत्तर पनवेलच्या रस्त्यावरच पाहावयास मिळते. पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ गोवा, कर्नाटक आणि केरळ ओलांडून कन्याकुमारीपर्यंत जातो. वाटेतील फलकांवर लिपी बदलते, गावांची नावे तेथील लोकांना वाचता येतील अशी लिहिली जातात, परंतु महामार्गाचा क्रमांक सर्वत्र तोच राहतो. प्रवासी नाव वाचतो, आणि वाट चुकलीच तर क्रमांक सांगून मदत मागतो.

दोषसंदेशाचेही तसेच असावे. आशय मराठीत, आज्ञेचे नाव, फाइलचे नाव, ओळ आणि दोषाची खूण मात्र मुळाप्रमाणे. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ला लिनक्स प्रणालीत ११ हा क्रमांक आहे. मराठी वाक्याशेजारी तो क्रमांक आणि मूळ नाव राहिले, तर वाचणाऱ्याला अर्थ कळतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला धागा मिळतो. यांतील एकाची सोय करण्यासाठी दुसऱ्याची गैरसोय करण्याचे कारण उरत नाही.

हे काम केवळ कल्पनेत आहे, असेही नाही. लिनक्सच्या फेडोरा या आवृत्तीत २००९ मध्ये ‘एबीआरटी’ हे साधन आले. एखादी आज्ञावली कोसळली, की तिची माहिती गोळा करून निर्मात्यांकडे पाठविण्यास ते मदत करते. त्याच्या संदेशांचे मराठी भाषांतर झालेले आहे. गरजही वाढते आहे. २०२१-२२ या वर्षी पिंपरी-चिंचवड येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमातील अभ्यासक्रम सुरू झाला. जे विद्यार्थी सिद्धान्त मराठीत शिकतात, त्यांना स्वतःची चूकही मराठीत वाचता आली पाहिजे. चूक समजली तरच ती सुधारते, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

प्रत्येकाचा वाटा

यातील बराचसा भाग तंत्रज्ञांकडे असला, तरी सर्वच नाही. शिक्षकांनी वर्गात दोषसंदेश फळ्यावर लिहून त्याचा मराठी अर्थ विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. त्यातूनच उद्याचे भाषांतरकार घडतील. कार्यालयप्रमुखांनी नवी प्रणाली स्वीकारताना तिचे दोषसंदेश मराठीत आहेत काय आणि त्यांसोबत क्रमांक दिलेला आहे काय, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयात संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. दिनांक, वेळ, पडद्यावरील वाक्य जसेच्या तसे आणि त्या वेळी चालू असलेले काम, एवढी नोंद पुरेशी आहे. संदेश मराठीत असेल, तर ती वही अधिक लवकर आणि अधिक अचूक भरेल.

दाखल्यासाठी उभ्या असलेल्या नागरिकाला आज्ञावलीचे ज्ञान नको असते. काम का अडले आणि पुन्हा केव्हा यावे, एवढे त्याला सांगितले जावे, ही त्याची रास्त अपेक्षा असते. समोरच्या कर्मचाऱ्याला ते स्वतः कळलेले असेल, तरच तो ते सांगू शकेल.