थांबलो आणि थांबले



वराळ्याच्या या व्यासपीठावरून मी 'कोबाल्ट ब्लू'वर बोलणार हे कळल्यावर दोघांनी फोन केले. समोर आयाबाया असतात, पोरं असतात, विषय बदला म्हणाले. मी विषय बदललेला नाही. या आयाबाया माळ घालून आळंदीला जातात, ज्ञानोबांच्या विरहिणी गातात. पुरुषाने बाई होऊन सजणासाठी झुरावं, हे या इंद्रायणीने सातशे वर्षं ऐकलं. मग एक मुलगा मुलगा राहूनच मुलासाठी झुरला, तर तुमच्या कानांना काय होतं?

सचिन कुंडलकरांची ही कादंबरी 'मौज'ने २००६ साली काढली. जेरी पिंटोंनी २०१३ साली ती इंग्रजीत नेली आणि २०२२ साली चित्रपट आला. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक भाडेकरू राहायला येतो. भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघं त्याच्यावरच जीव लावतात. तो निघून जातो. पुस्तकाचा एक भाग तनयचा, दुसरा अनुजाचा.

तनय त्या माणसाशीच बोलतो, 'तू' म्हणून. इथे मराठी काय करते बघा. 'मी थांबलो, तू आला नाहीस.' कोण कोणावर प्रेम करतंय, हे क्रियापदांनीच सांगून टाकलं. खुलासा नको, कबुलीजबाब नको. पान उलटा, बहीण म्हणणार 'मी थांबले'. दोघांच्या दुःखात एका कान्याचा फरक! दोघांचं रडणं एकाच घरात चाललंय आणि ते एकत्र ऐकू येतं फक्त वाचणाऱ्याला. मला विचाराल तर मराठी गद्यात याहून जिव्हारी लागणारी रचना मी क्वचित पाहिली आहे.

चित्रपटाने हे घर कोचीला हलवलं, हिंदी बोलायला लावलं. पाणी, निळ्या भिंती, तनय झालेल्या नीलय मेहेंदळेचा उघडा, दुखरा चेहरा, सगळं मला आवडलं. गीतांजली कुलकर्णींची आईही. पण गोष्ट सरळ रेषेत आली आणि मुख्यतः तनयची झाली. अनुजाला हॉकीची काठी मिळाली, तिचा अर्धा भाग मात्र गेला.

माध्यम बदललं की काही सुटणारच, हे मला सांगू नका. 'जैत रे जैत' ही कादंबरी आपल्या तळेगावच्या गोनीदांची. १९७७ साली जब्बार पटेलांनी ती पडद्यावर नेली, तेव्हा ठाकरवाडी ठाकरवाडीच राहिली. इथे पुणंच सुटलं. पुस्तक निघालं तेव्हा हे प्रेम कायद्याने गुन्हा होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्यांवरून कलम ३७७ उठवलं. आता बोलायची मुभा आहे, तर ही माणसं आपल्या जिन्यावर, आपल्या बोलीत दिसायला हवी होती. लांबच्या समुद्राकाठी घडलं की मावळातला प्रेक्षक सुटतो. तिकडचं आहे, म्हणतो आणि झोपी जातो.

तळेगावहून सकाळच्या लोकलने पुण्याला कॉलेजात जाणाऱ्या पोरांत एखादा तनय असणारच. त्याच्या घरचे आज इथे बसलेले असतील. त्याला कोचीचं तिकीट नको आहे. 'थांबलो' हा शब्द त्याचाही आहे, हे त्याला छापलेलं दिसायला हवं.

मी पुस्तकाच्या दोन प्रती आणल्या आहेत. ज्यांनी फोन केले, त्यांनीच वर येऊन त्या गावच्या वाचनालयासाठी माझ्या हातून घ्याव्यात. कपाटाला कुलूप लावू नका.